राखीव पट्टा कुठे आखायचा? प्रवाळ प्रकल्पाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२३

पहिली पाहणी. तीन जागा धरल्या आणि कामापुरती नावं दिली: उत्तर खडक, मधली पट्टी आणि किनारपट्टा. उत्तर खडक सहा ते अकरा मीटर खोल आहे, मधली पट्टी चार ते सहा. किनारपट्टा उधाणाच्या ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यात उघडा पडतो. सोबत मच्छीमार संस्थेतले बुडी मारणारे दोघे तरुण आणि तांडेल काका. काका आता पाण्यात उतरत नाहीत, पण होडी कुठे उभी करायची ते तेच सांगतात. जीपीएसचा बिंदू आणि काकांनी किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवून दाखवलेली जागा यांत बराच फरक पडला. खाली जाऊन पाहिलं तर खडक काकांच्या जागेखाली होता. यापुढे नकाशावर दोन्ही टिपायचं.

उत्तर खडकाची तब्येत बरी आहे. घुमटासारखे मोठे दगडी प्रवाळ आहेत, कडेने फांद्यांचे. मध्येच नांगर ओढला गेल्याची पांढरी रेघ, ताजी.

मधली पट्टी म्हणजे नुसता चुरा. मासे मारायला लावलेल्या जुन्या सुरुंगांचा, नांगरांचा, वादळांचा. बोटाएवढे मेलेले तुकडे एकावर एक पडलेत, काही ठिकाणी हातभर जाडीचा थर. एक तुकडा उचलला. कडेला गुलाबी चुनखडी शेवाळाचं कवच आणि त्यावर टाचणीच्या डोक्यापेक्षा जरासं मोठं, हिरवट तपकिरी, काठ उचललेलं प्रवाळाचं पिल्लू. जिवंत. शेजारचा तुकडा उलटा केला. त्याच्यावरही एक होतं, पण ते खालच्या अंगाला दबून मेलेलं, नुसता सांगाडा उरलेला. म्हणजे प्रवाळाच्या अळ्या येतायत, बसायला जागाही शोधतायत. पण लाट आली की चुरा लोळतो, आणि बसलेलं घासून मरतं. इथे बीज कमी नाही, तळ थांबत नाही एवढंच. जिवंत प्रवाळाचे तुकडे आणून लावायचा विचार त्यानंतरचा.

२१ नोव्हेंबर

संस्थेची बैठक. विषय एकच: मासेमारीला बंद असा राखीव पट्टा कुठे ठेवायचा.

अर्ध्या तासात जवळजवळ एकमत झालं: किनारपट्टा. कारणंही बिनतोड वाटणारी. किनाऱ्यावरून दिसतो, पहारा सोपा, डिझेल लागत नाही, फलक लावता येतो. अध्यक्षांनी ठराव लिहायला घेतला, तेवढ्यात मागे दाराशी बसलेल्या एक मावशी उभ्या राहिल्या. "तुमच्या होड्या उद्या त्या खडकावर जातील, नाही तर त्याच्या पलीकडे जातील. आम्ही चालत किती लांब जायचं?"

ओहोटीला किनारपट्ट्यावर शिंपल्या, कालवं, खेकडे, ऑक्टोपस वेचणाऱ्या बहुतेक बायका आहेत, आणि होडी विकावी लागलेले काही म्हातारे. संस्थेच्या सभासद यादीत यांच्यापैकी कुणी नाही, कारण सभासद व्हायला होडीत किंवा जाळ्यात वाटा लागतो. बैठकीला मावशी आल्या त्या आपणहून. बोलावणं गेलं होतं ते सभासदांना.

ठराव पुढे ढकलला. अध्यक्ष नाराज. मला मात्र हीच आजवरची सगळ्यात कामाची बैठक वाटली.

५ डिसेंबर

पुढच्या बैठकीत दाखवायला इतर ठिकाणची उदाहरणं काढून ठेवली. नुसती यशाची काढली तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

फिलिपिन्समधलं सुमिलॉन बेट. सिलिमन विद्यापीठाच्या पुढाकाराने १९७४ साली बेटाच्या एका बाजूला मासेमारी बंद झाली. आजूबाजूची पकड वाढली. मग १९८४ मध्ये संरक्षण कोसळलं, बंद भागात पुन्हा जाळी पडली. मासेमारीला जागा वाढली म्हणजे मासळी वाढायला हवी, पण पुढच्या दीड-दोन वर्षांत एकूण पकड निम्म्याहून खाली आली. अँजेल अल्काला आणि गॅरी रस यांनी हे आकडे मांडले. राखीव भागातली मासळी बाहेर येते असं बोलणं वेगळं आणि राखीव भाग मोडल्यावर बाहेरची पकड बसलेली पाहणं वेगळं. काकांना हे उदाहरण पटेल. त्यांना उलट्या बाजूने सांगितलेलं पटतं. जवळच्याच अपो बेटावर राखण गावकऱ्यांनी स्वतः केली आणि तिथलं काम टिकलं.

मेक्सिकोतलं काबो पुल्मो तर नेहमीचंच. १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९९ ते २००९ या दहा वर्षांत माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं. पण तिथल्या बऱ्याच कुटुंबांनी मासेमारी सोडून पर्यटन धरलं. आकडा दाखवायचा तर हेही सांगायला हवं, नाही तर पहिला प्रश्न तोच येईल.

मावशींच्या प्रश्नाला खरं उत्तर या दोन्हींत नाही. ते मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावर आणि फिजीत सापडतं. मादागास्करला वेझो मच्छीमारांनी २००४ पासून ऑक्टोपसच्या जागा थोड्या महिन्यांसाठी बंद ठेवून पाहिल्या. ऑक्टोपस वर्ष-सव्वा वर्षच जगतो पण भराभर वाढतो, त्यामुळे एवढ्या थोड्या बंदीचाही फरक लोकांच्या हातात पडतो. त्यातूनच पुढे वेलोंद्रियाके हे स्थानिकांनी चालवलेलं सागरी क्षेत्र उभं राहिलं. फिजीत उकुनिवानुआ गावाने १९९७ साली २४ हेक्टरचा चिखलाळ पट्टा शिंपल्यांसाठी बंद केला. शिंपल्या आत वाढल्याच, बाहेरही वाढल्या. दोन्हीकडे सुरुवात झाली ती पायी जाऊन वेचणाऱ्यांच्या मालापासून.

१४ डिसेंबर

कालची अमावास्या, आज पाणी खूप मागे गेलं. मावशी आणि त्यांच्यासोबतच्या बायकांबरोबर किनारपट्टा चालून काढला. मोजपट्टी नेली होती, पण तिच्यापेक्षा त्यांच्या मागे चालणंच जास्त कामाला आलं.

मला सगळा पट्टा सारखाच दिसत होता. त्यांच्या लेखी त्याचे निदान पाच तुकडे आहेत. शिंपल्यांची वाळू, कालवांचा खडक, लहान मासळी अडकते ती डबकी, ऑक्टोपसच्या बिळांची कपार, आणि एक भाग जिथे "काही मिळत नाही, पण तुडवायचा नाही". तो भाग पाहिला. घोट्याएवढ्या पाण्यात पिवळट, चपटे, काठावर वाढणारे प्रवाळ, वर उघडे पडून मेलेले आणि कडेने जिवंत. का तुडवायचा नाही, असं विचारल्यावर उत्तर आलं, "पाय कापतो ताई, आणि लहान मासळी तिथून येते." शास्त्राच्या पुस्तकात याला चार पानं लागतात.

ऑक्टोपसचं बीळ ओळखायचं ते तोंडाशी पडलेल्या रिकाम्या शिंपल्यांवरून. मावशींनी सळई घातली नाही, आधी पाण्यावर हात फिरवून तरंग थांबवले आणि आत पाहिलं. "अंड्यांवर बसलीय. हिला नाही काढायचं." कुणी शिकवलं असं विचारलं तर हसल्या. सळईने कपार फोडून काढणारेही आहेत, ते त्यांनीच सांगितलं आणि नावंही सांगितली. ती इथे लिहीत नाही.

त्यांच्या सांगण्यावरून कागदावर नकाशा काढला. कुठल्या महिन्यात कुठे जातात तेही त्यावर भरलं. वादळी हंगामात या बाजूला फार थोड्या जातात. बंदीचं वेळापत्रक इथूनच ठरवावं लागेल.

९ जानेवारी २०२४

दुसरी बैठक, या वेळी शाळेच्या पडवीत, म्हणजे सभासद-बिनसभासद प्रश्नच नको. चांगली लांबली. ठरलं ते असं:

उत्तर खडक कायमचा बंद. जाळं नाही, गळ नाही, भाला नाही, नांगर नाही. मधली पट्टी पाच वर्षं बंद, कारण तिथे काम चालणार. किनारपट्ट्याचे दोन भाग, आलटून पालटून बंद. पहिला भाग वादळी हंगामापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत. "काही मिळत नाही" तो भाग कायमचा बंद, बायकांच्या सांगण्यावरून. समितीत पायी वेचणाऱ्यांच्या दोन जागा.

उत्तर खडकावर होडीवाल्यांनी बराच आवाज केला. तिथली मासळी मोठी असते. शेवटी काकाच बोलले. लहानपणी त्या खडकावर मिळायचा तेवढा मासा आता दाखवा म्हणाले, मग खडक उघडा ठेवा.

दंडावर वेगळी चर्चा. तरुणांना एकदम जबर दंड हवा होता. मी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या कामाचा दाखला दिला. सामायिक साधनं लोक स्वतः कशी टिकवतात यावरच्या त्यांच्या अभ्यासाला २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी पाहिलेल्या टिकाऊ व्यवस्थांमध्ये पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते आणि पुढे वाढत जाते. शिवाय लक्ष ठेवणारे लोक वापरणाऱ्यांतलेच असतात. "म्हणजे पहिल्यांदा सोडून द्यायचं?" तसं नाही. पहिल्यांदा बैठकीत नाव वाचायचं. यावर पडवीत जे हसू पिकलं त्यावरून दंडापेक्षा याचाच धाक जास्त असं दिसलं. दुसऱ्यांदा पहाऱ्याची पाळी, तिसऱ्यांदा दंड.

२ फेब्रुवारी

उत्तर खडकाच्या कडेला बोये बसवले, म्हणजे होड्यांना नांगर न टाकता त्यांना बांधता येईल. मेलेल्या खडकात भोक पाडून पोलादी कडी सिमेंटने घट्ट केली. दोर मधल्या छोट्या बोयामुळे तळापासून उचललेला राहतो, नाही तर तोच दोर गोल फिरून प्रवाळ झोडपतो. गाठी काकांच्या. पुस्तिकेतल्या गाठीला त्यांनी नाव ठेवलं आणि आपली मारली.

२० फेब्रुवारी

रोपवाटिका सुरू. तळ आणि पृष्ठभाग यांच्या मध्ये, चार मीटरवर, ताणलेल्या दोऱ्या. वर तरंगते डबे, खाली वजनं. दोऱ्यांना प्रवाळाचे तुकडे. ही दोन टप्प्यांची पद्धत बारुख रिंकेविच यांनी १९९५ मध्ये मांडली: आधी तुकडे मोकळ्या पाण्यात वाढवायचे, मग खडकावर लावायचे. मधल्या पाण्यात गाळ बसत नाही आणि तळावरच्या गोगलगायी पोचत नाहीत.

तुकडे शक्यतो आधीच मोडून पडलेलेच घेतले, जे नाही तरी चुऱ्यात लोळून मरणार होते. जिवंत वसाहतीतून घ्यावे लागले तिथे दहाव्या हिश्श्याहून जास्त नाही, आणि एकाच वसाहतीतून सगळे नाहीत. एकाच झाडाच्या कलमांनी बाग भरली तर एका उन्हाळ्यात सगळी जाते.

कटरने फांदी तोडली की करकर आवाज पाण्यातही स्पष्ट येतो. तुटलेल्या टोकाशी पांढरा स्वच्छ चुना दिसतो आणि भोवती तपकिरी कातडीची बारीक कड. होडीत समुद्राच्या पाण्याच्या टबात ठेवले तरी काही मिनिटांत तुकडे बुळबुळीत होतात, पाण्यावर शेंबडासारखी तार धरते. पाणी सतत बदलायचं, ऊन लागू द्यायचं नाही, बोटांनी कमीत कमी धरायचं. दोऱ्याचा पीळ उकलून त्यात तुकडा अडकवायचं काम बुडी मारणाऱ्यांपेक्षा होडीत बसलेल्या जाळी विणणाऱ्यांना भराभर जमलं. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा मोठा गठ्ठा होता, तो तसाच परत नेला.

दोऱ्या दर आठवड्याला घासाव्या लागणार. शेवाळ आणि शिंपल्या चढल्या की तुकडा गुदमरतो. हे कंटाळवाणं काम कोण करणार यावर रोपवाटिका तगते की नाही ते ठरतं. पाळ्या लावल्या.

२६ मार्च

मधल्या पट्टीवर दगडांचे ढीग रचायला घेतले. इंडोनेशियातल्या कोमोडो उद्यानात सुरुंगांनी झालेल्या चुऱ्यावर हे करून पाहिलेलं आहे: ढिगाची उंची चुरा लोळतो त्याच्या वर राहिली की अळ्यांना स्थिर जागा मिळते. ढिगांच्या अधेमधे वाळूचा लेप दिलेल्या सळयांच्या षटकोनी चौकटी, एकमेकींना बांधून. ही पद्धत सुलावेसीजवळच्या बोंतोसुआ बेटावर मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. त्यावरचा अभ्यास याच महिन्यात आलाय: चार वर्षांत लावलेल्या जागेची चुना साठवण्याची गती शेजारच्या निरोगी प्रवाळाइतकी झाली. उत्साह यावा असाच आकडा. पण त्यातच दिलंय की लावलेले प्रवाळ मुख्यतः फांद्यांचे आहेत, घुमटासारखे मागे पडतात. आणि उन्हाच्या लाटेत फांद्यांचे आधी जातात.

मदत देणाऱ्या मंडळींची भेटही याच आठवड्यात झाली. त्यांना तुकडे लावताना फोटो हवे होते. दगडांच्या ढिगांचे कुणी काढले नाहीत, बोयांचे तर नाहीच. अहवालाच्या नमुन्यात रकाना आहे "लावलेले तुकडे". "न टाकलेले नांगर" असा रकाना कुठल्याही नमुन्यात मी पाहिलेला नाही. २०२० साली झालेल्या एका जागतिक आढाव्यात दिसलं की अशा प्रकल्पांपैकी ६० टक्क्यांनी दीड वर्षही देखरेख ठेवली नव्हती. घुमटी प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर वाढतो. दीड वर्षात त्याचं काय कळणार!

१९ एप्रिल

अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामान संस्थेने १५ तारखेला जाहीर केलं: प्रवाळ पांढरे पडण्याची जागतिक पातळीवरची चौथी घटना सुरू आहे. आधीच्या १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७. उष्णतेचा ताण इतका चढला की डिसेंबरात त्यांना धोक्याच्या पातळ्या दोनवरून पाचपर्यंत वाढवाव्या लागल्या.

समितीला हिशेब समजावला. नेहमीच्या सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी किमान एक अंशाने जास्त तापलं की ते वरचे अंश आठवड्यागणिक बेरजेत धरायचे, बारा आठवड्यांची बेरीज. चारच्या पुढे पांढरं पडणं दिसू लागतं, आठच्या पुढे मरतूक. आमचा तापमापक बेरजेला लागलाय.

गेल्या जुलैत फ्लोरिडात काय झालं तेही सांगितलं. तिथे वर्षानुवर्षं सांभाळलेल्या रोपवाटिकांतले प्रवाळ उचलून किनाऱ्यावरच्या टाक्यांत आणि खोल पाण्यात हलवावे लागले. आमच्याकडे टाक्या नाहीत. खोल पाणी आहे.

१४ मे

बेरीज चारच्या पुढे गेली. पाच दिवस दोऱ्या खाली उतरवण्याचं काम. ठरलं होतं त्याच्या दुप्पट माणसं आली. चार मीटरवरून दहा मीटरवर. डबे थोडे पाण्याने भरून, वजनांचे दोर आखडून, सगळ्या दोऱ्या एकदम न उतरवता एकेक टप्पा. एकदम अंधारात नेलं तर तोही धक्काच.

उत्तर खडकावर घुमटांचे माथे फिकट पडलेत, बगला ठीक. फांद्यांचे काही झगझगीत पांढरे, काही निळसर गुलाबी. फोटोत ते फार सुंदर दिसतात. प्रवाळाच्या कातडीतलं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं. पाणी तापलं की प्रवाळ ते बाहेर टाकतो आणि उपाशी राहतो. पांढरा म्हणजे अजून मेलेला नाही. त्यावर शेवाळ धरलं की मेला.

बुडी मारणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "मग आपण करायचं काय, नुसतं बघायचं?" पाणी थंड करणं आपल्या हातात नाही. मेल्यावर शेवाळ चरणारा मासा जागेवर ठेवणं हातात आहे. तिथे त्याने मान खाली घातली. असं शेवाळ चरणारा पोपटमासा रात्री कपारीत झोपतो, काही जाती तर स्वतःभोवती चिकट कोष विणून. टॉर्च आणि भाला घेऊन जाणाऱ्याला तो आयताच मिळतो. हे दोघेही रात्री जातात, मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. उत्तर खडक त्यांनी जानेवारीपासून सोडला. बाकी उपसागर सोडलेला नाही, आणि तशी बंदीही नाही.

जून ते ऑगस्ट

समुद्र खवळलेला. रोपवाटिकेकडे तीन महिन्यांत फारसं जाता आलं नाही. किनारपट्ट्याचा पहिला भाग १ जूनपासून बंद. जुलैत एकाचं नाव बैठकीत वाचलं गेलं. तो अध्यक्षांचा नातेवाईक निघाला. तरी वाचलं.

५ ऑक्टोबर

पाणी निवळल्यावर पूर्ण पाहणी. ५० मीटरच्या टेपवर दर अर्ध्या मीटरला खाली काय आहे ते टिपायचं. हे काम आता तरुण माझ्याशिवाय करतात.

उत्तर खडकाचे घुमट बहुतेक सावरले, माथ्यावर मेलेले टक्कल आणि भोवती जिवंत कड. फांद्यांचे बरेच गेले. रोपवाटिकेत खाली उतरवलेल्या दोऱ्यांवरचे पुष्कळसे वाचले, पण ते उष्णतेपासून वाचले की त्यांतले मूळचेच दणकट होते हे एका हंगामावरून म्हणता येत नाही. जे वाचले त्यांची कोणती वसाहत ते चिकटपट्टीवर लिहिलेलं आहे. पुढची कलमं त्यांचीच जास्त घ्यायची, मात्र फक्त त्यांचीच नाही.

मधल्या पट्टीवर मजा आहे. एक षटकोनी चौकट लाटेने उलटलीय. दगडांचे ढीग मात्र जागेवर आहेत. ढिगांच्या बगलांना गुलाबी कवच चढलंय आणि त्यावर कुणीही न लावलेली पिल्लं बसलीत. तरुणांनी मोजणीची चौकट टाकून ती पिल्लं मोजली. अहवालात ती कुठल्या रकान्यात घालायची ते ठरवायचंय.

३ नोव्हेंबर

किनारपट्ट्याचा पहिला भाग काल उघडला. अमावास्येची मोठी ओहोटी. ऑक्टोपस मोठे मिळाले, बायका खूश. पण ही बातमी आधीच पसरली होती आणि शेजारच्या दोन गावांतून माणसं आली, काही होड्यांनी, सळया घेऊन. दुपारपर्यंत जे चाललं ते पाहून मावशी किनाऱ्यावर उभ्या राहून ओरडत होत्या. कपारीचा एक भाग फोडला गेला.

मादागास्करलाही उघडण्याच्या दिवशी गर्दी उसळून लाभ वाहून गेल्याचा अनुभव आहेच. संध्याकाळी समिती बसली. नवे नियम बायकांनीच सांगितले: उघडण्याची तारीख आधी जाहीर करायची नाही, सळईला बंदी, अंड्यांवरची मादी काढायची नाही, पहिले तीन दिवस फक्त पायी येणाऱ्यांना. शेजारच्या गावांना हाकलायचं नाही, बोलवायचं. त्यांचाही पट्टा आहे, तोही असाच आलटून पालटून बंद ठेवता येईल. अध्यक्ष उद्या जाणार आहेत आणि मावशी सोबत. सभासद नसल्याचा मुद्दा या वेळी कुणी काढला नाही.

१६ जानेवारी २०२५

वर्षाचा अहवाल गेला. "लावलेले तुकडे" या रकान्यात आकडा लहान आहे आणि खाली टीप जोडली: आपोआप बसलेली पिल्लं, बोये, बंद भागाचं क्षेत्र, नावं वाचली गेलेल्यांची संख्या. देखरेख निदान पाच वर्षं चालेल या अटीवरच पुढचा हप्ता घ्यायचा, असा समितीचा ठराव सोबत लावला. उलट उत्तर काय येतं पाहू.

रात्रीच्या भाल्याचा विषय अखेर बैठकीत आला. बेलीझने २००९ मध्ये पोपटमासा पकडण्यावर देशभर बंदी घातली, ते सांगितलं. इथे संपूर्ण उपसागरासाठीचा ठराव पडला. मधल्या पट्टीच्या भोवती दोनशे मीटरपर्यंतचा मंजूर झाला, तोही दोन मतांनी. दोघा तरुणांपैकी एकाने हात वर केला, दुसऱ्याने नाही. त्याने बैठकीनंतर स्पष्ट सांगितलं, "मॅडम, दोऱ्या घासायचे आठवड्याला दोन दिवस मिळतात. बाकी पाच दिवसांचं बोला." त्याचं बरोबर आहे. टेपवरची पाहणी आणि पहारा ही कामं त्यालाच कायमची देता येतील का, हा पुढच्या बैठकीचा पहिला विषय.

फेब्रुवारीआधी करायचं: तिसऱ्या बोयाचा दोर झिजलाय, बदलणे. उलटलेली चौकट सरळ करून दगडांना बांधणे. किनारपट्ट्याच्या दुसऱ्या भागाच्या खुणा बायकांसोबत चालून ठरवणे, ओहोटी २९ तारखेची. तापमापकाची बॅटरी एप्रिलआधी नवी हवी.